सर अ‍ॅलेक गिनेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅलेक गिनेस कोण होते?

विसाव्या शतकातले इंग्लंडचे एक थोर नट. जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये, मृत्यू ५ ऑगस्ट २००० रोजी. पन्नासहून अधिक वर्षं त्यांनी रंगभूमीवर काम केलं, सोबत सिनेमा आणि दूरचित्रवाणीही. आपल्याकडे बहुतेकांना ते 'स्टार वॉर्स'मधले पांढऱ्या दाढीचे ओबी-वान केनोबी म्हणून माहीत आहेत. थोड्या जुन्या प्रेक्षकांना 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मधला ताठ मानेचा कर्नल आठवतो. हे दोघे एकच नट आहेत हे मात्र अनेकांना सांगावं लागतं, आणि त्यांचं मोठेपण मला त्यातच दिसतं. नाव पाहून तिकीट काढावं आणि पडद्यावर तो ओळखीचा माणूस सापडूच नये, असं ज्यांच्या बाबतीत होतं अशा नटांत गिनेस माझ्या लेखी पहिले.

गिनेस बिअरच्या घराण्याशी त्यांचं नातं होतं का?

तसा कसलाही पुरावा नाही. त्यांच्या आईचं नाव अ‍ॅग्नेस कफ. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव 'अ‍ॅलेक गिनेस' असं लिहिलं होतं आणि वडिलांचा रकाना रिकामा होता. 'गिनेस' हे आडनाव की नावाचाच भाग, हेसुद्धा दाखल्यावरून ठरत नाही. वडील कोण, हे त्यांना अखेरपर्यंत खात्रीने कळलं नाही. अँड्र्यू गेडिस नावाचे एक स्कॉटिश बँकर त्यांच्या शाळेचा खर्च उचलत, आणि तेच आपले वडील असावेत असा अंदाज त्यांनी बांधला होता.

बालपण कसं गेलं?

हालाखीत. भाड्याच्या खोल्या सतत बदलायच्या, भाडं थकलं की गुपचूप निघायचं. मधली काही वर्षं सावत्र वडील होते, आणि त्यांची मुलाला दहशत होती. आपलं आडनाव गिनेस आहे हे त्यांना चौदाव्या वर्षी समजलं, त्याआधी ते सावत्र वडिलांचं आडनाव लावत. लहानपणी स्वतःचं नाव असं बदलत गेलं म्हणून ते पुढे इतक्या सहज दुसऱ्यांच्या अंगात शिरत, असा तर्क त्यांच्याविषयी लिहिणारे हमखास मांडतात. मला तो फार सोपा वाटतो. दुःख पुष्कळांच्या वाट्याला येतं. त्यातून नट घडायला मेहनत लागते, आणि ती त्यांनी केली.

रंगभूमीवर ते कसे आले?

शाळा संपल्यावर ते लंडनमधल्या एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहायच्या नोकरीला लागले. पगार तुटपुंजा. त्यातूनच वाचवून नाटकं पाहायची. मार्टिटा हंट या अभिनेत्रीकडे शिकवणीला गेले, तर तू काही नट होणार नाहीस असं तिने सुरुवातीलाच ऐकवलं. ते तरीही जात राहिले. पुढे फे कॉम्प्टन यांच्या अभिनयशाळेत शिष्यवृत्ती मिळाली. तिथे बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षकांत नामवंत नट जॉन गिलगुड होते.

व्यावसायिक रंगमंचावरचं पहिलं पाऊल विसाव्या वाढदिवशी, २ एप्रिल १९३४ ला पडलं. भूमिकेला एकही वाक्य नव्हतं. त्या दिवसांत खिशात पैसे नसायचे, उपाशी राहायची वेळ यायची. गिलगुडनी मदत म्हणून पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी ते घेतले नाहीत, पण काम मागितलं. त्याच वर्षी गिलगुडनी आपल्या गाजलेल्या 'हॅम्लेट'मध्ये त्यांना ऑस्रिकची छोटी भूमिका दिली. हा उपकार गिनेस कधी विसरले नाहीत.

१९३५ मध्ये 'नोआ' या नाटकात ते लांडगा झाले होते आणि मेरुला सालामन ही तरुण नटी वाघीण. १९३८ मध्ये दोघांनी लग्न केलं. मेरुलांनी पुढे रंगभूमी सोडली आणि त्या चित्रकलेत रमल्या. हा संसार बासष्ट वर्षं टिकला. अ‍ॅलेक गेल्यानंतर दोनच महिन्यांनी त्याही गेल्या.

त्यांचं 'हॅम्लेट' गाजलं की पडलं?

दोन्ही झालं. १९३८ मध्ये लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात दिग्दर्शक टायरन गथ्री यांनी आधुनिक पोशाखातलं, एक ओळही न कापलेलं 'हॅम्लेट' केलं. ऑफिलियाच्या अंत्ययात्रेला मंडळी छत्र्या घेऊन उभी असत. चोवीस वर्षांच्या गिनेस यांचा हॅम्लेट आरडाओरडा न करणारा, आतल्या आत विचार करणारा होता. जाणकारांना तो आवडला.

१९५१ मध्ये त्यांनी तेच नाटक पुन्हा घेतलं, यावेळी दिग्दर्शनातही स्वतः. पहिल्याच प्रयोगात प्रकाशयोजनेचा पार गोंधळ झाला, दिवे भलत्याच वेळी लागत आणि विझत होते. समीक्षकांनी झोडपलं. नाटक पडलं आणि गिनेस यांना ते फार लागलं. मोठ्या शेक्सपिअरी नायकांपासून ते पुढे जरा दूरच राहिले. पण पूर्ण सुटले नाहीत : १९५३ मध्ये कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डला एका प्रचंड तंबूत नवा नाट्यमहोत्सव सुरू झाला, तेव्हा तिथलं पहिलं वाक्य 'रिचर्ड द थर्ड' म्हणून त्यांनीच उच्चारलं. तो महोत्सव आजही भरतो.

युद्धात ते खरोखर लढले होते का?

हो. १९४१ मध्ये साधे खलाशी म्हणून नौदलात भरती झाले, वर्षभरात अधिकारी झाले. जुलै १९४३ मध्ये सिसिलीवर दोस्त सैन्य उतरलं तेव्हा सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी एक नौका त्यांच्या हाताखाली होती. हल्ला थोडा पुढे ढकलल्याचा निरोप त्यांना मिळाला नाही, त्यामुळे त्यांची नौका ठरल्या वेळी, म्हणजे इतरांच्या आधी किनाऱ्याला लागली. पुढे युगोस्लाव्हियातल्या छापामार सैनिकांना रसद पोचवायचं कामही त्यांनी केलं. 'क्वाय'मधल्या कर्नलची लष्करी ऐट खरी वाटते, त्यामागे ही वर्षं आहेत.

सिनेमात कोणी आणलं?

दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चं नाट्यरूप गिनेस यांनी १९३९ मध्ये स्वतः केलं होतं आणि त्यात हर्बर्ट पॉकेटची भूमिकाही केली होती. लीननी ते पाहिलं आणि १९४६ च्या चित्रपटात तीच भूमिका त्यांना दिली.

'ऑलिव्हर ट्विस्ट'साठी मात्र लीन तयार नव्हते. तिशीतला हा गोरागोमटा तरुण म्हाताऱ्या फेगिनसारखा दिसेल कसा? गिनेस म्हणाले, एकदा चाचणी घ्या. आणि ते पूर्ण रंगभूषेत समोर येऊन उभे राहिले. भूमिका मिळाली. पण त्या लांब नाकाच्या ज्यू फेगिनवरून मोठा वाद पेटला. युद्ध संपून, ज्यूंचा संहार उघड होऊन फार दिवस झाले नव्हते. १९४९ मध्ये बर्लिनमध्ये निदर्शनं झाली, आणि अमेरिकेत चित्रपट लागला तो १९५१ मध्ये, कात्री लागल्यानंतर. माझ्या मते तो राग रास्त होता. अभिनय अचाट आहे आणि चेहरा अपमानकारक आहे, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. ती रंगभूषा करणारे स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांनीच पुढे 'स्टार वॉर्स'मालिकेतला योडा घडवला.

एकाच चित्रपटात आठ भूमिका, हे खरं आहे का?

खरं आहे. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स', १९४९, ईलिंग स्टुडिओ. एका उमराव घराण्यातली माणसं एक तरुण एकेक करून संपवत जातो अशी ही काळी विनोदिका आहे, आणि मरणारे सगळे गिनेस आहेत : बँकवाला, पाद्री, सेनाधिकारी, आरमारी अधिकारी, सरदार, दोन तरुण, आणि लेडी अगाथा ही बाईसुद्धा. आधी त्यांच्याकडे चारच भूमिका आल्या होत्या. आठही मीच करतो, हे त्यांनी सांगितलं.

चर्चमधल्या एका दृश्यात यांतले सहा जण एका चौकटीत दिसतात. संगणक नव्हते. छायालेखक डग्लस स्लोकम यांनी कॅमेरा जागेवर पक्का जखडला, भिंगापुढे काळा पडदा लावून एका माणसापुरतीच जागा उघडी ठेवली, तेवढं चित्रित केलं, फिल्म मागे गुंडाळली, पुढच्या वेशातले गिनेस येऊन बसले, आणि पुन्हा त्याच फिल्मवर चित्रण. कॅमेरा केसभर हलला तरी सगळं वाया, म्हणून स्लोकम रात्री स्टुडिओत कॅमेऱ्यापाशी झोपले.

मला त्याहून मोठी करामत वाटते ती वेगळी. आठही जण एका रक्ताचे दिसतात आणि तरी कुणी कुणासारखा नाही. विग आणि मिशा तर कुणालाही चिकटवता येतात. पाद्र्याचा कंटाळवाणा संथपणा आणि आरमारी अधिकाऱ्याचा मख्ख हट्ट हे चिकटवता येत नाहीत.

ते भूमिकेची तयारी कशी करत?

चालीपासून. माणूस कसा चालतो हे सापडलं की बाकीचं येतं, असं ते मानत. प्राणिसंग्रहालयात जाऊन प्राण्यांच्या हालचाली न्याहाळायचीही त्यांना सवय होती.

याचा सर्वांत चांगला दाखला 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'मध्ये आहे. चित्रीकरण तेव्हाच्या सिलोनमध्ये, कितुलगलाजवळ झालं. जपानी छावणीचा प्रमुख इंग्रज युद्धकैदी कर्नल निकल्सनला, म्हणजे गिनेस यांना, पत्र्याच्या खुराड्यात उन्हात कोंडून ठेवतो. दिवसांमागून दिवस जातात. मग दार उघडतं आणि निकल्सन मैदान ओलांडून प्रमुखाच्या खोलीकडे निघतो. सगळे कैदी बघत आहेत. त्यांच्या देखत कोसळायचं नाही, हा एकच विचार शरीरभर आहे. पाठ ताठ, मान वर, हात शिस्तीत, पण गुडघे साथ देत नाहीत आणि पावलं भलतीकडे पडतात. संवाद एकही नाही.

ती चाल त्यांनी घरात पाहिली होती. मुलगा मॅथ्यू अकरा वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला होता आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. तो बरा होत असताना पुन्हा चालायला कसा धडपडत होता, ते बापाने रोज पाहिलं होतं. तेच त्यांनी निकल्सनला दिलं. आपल्या साऱ्या कामातली ही सर्वांत चांगली गोष्ट, असं ते स्वतः मानत. पूर्ण चित्रपट पाहायला वेळ नसेल तर निदान एवढं दृश्य पाहा, आणि नजर पायांवर ठेवा.

निकल्सनच्या भूमिकेवरून 'क्वाय'चे दिग्दर्शक लीन आणि गिनेस यांचं जमलं होतं का?

नाही. भूमिका त्यांनी आधी नाकारली होती. निकल्सन त्यांना विनोदाचा अंश नसलेला, कंटाळवाणा माणूस वाटत होता. त्याच्यात थोडी ऊब आणावी असं त्यांना वाटे, लीनना तो कोरडाच हवा होता. भांडणं झाली. शेवटी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर याच भूमिकेला मिळालं, आणि चित्रपटाला एकूण सात. दोघांनी मिळून सहा चित्रपट केले. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त गिनेस राजपुत्र फैसल झाले. गंमत म्हणजे त्याच्या दोन वर्षं आधी, १९६० मध्ये, 'रॉस' या नाटकात लॉरेन्सची भूमिका ते स्वतः करत होते.

'अ पॅसेज टू इंडिया'मधले गोडबोले तेच का?

तेच. हा प्रश्न मराठी माणसालाच पडतो, म्हणून सविस्तर उत्तर.

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या देवास संस्थानात महाराजांचे खासगी सचिव होते. पवारांचं हे मराठा संस्थान, तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी जवळून पाहिला. १९२४ च्या त्यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या कादंबरीत प्राध्यापक नारायण गोडबोले आहेत, दख्खनी ब्राह्मण, गोरे, घाऱ्या-निळसर डोळ्यांचे. शेवटच्या भागात जन्माष्टमीच्या उत्सवात ते भजनाला उभे राहतात, आणि त्या भजनात तुकारामांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. एका इंग्रज कादंबरीत तुकोबा आले ते देवासच्या मार्गाने.

१९८४ मध्ये लीननी यावर चित्रपट केला आणि गोडबोल्यांना गिनेस यांना बसवलं, चेहरा सावळा रंगवून. परदेशी भूमिका गोऱ्या नटांनी करायची प्रथा जुनीच होती, गिनेस यांनी त्याआधी जपानी व्यापारीही केला होता. पण १९८४ मध्ये याला सबब नव्हती. याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ असे भारतीय नट उत्तम काम करत होते. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी अ‍ॅटनबरोंच्या 'गांधी'मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी गोपाळ कृष्ण गोखले उभे केले होते. असा नट पुण्या-मुंबईत हयात असताना गोडबोल्यांसाठी लंडनहून माणूस आणावा लागला, याची खंत वाटते.

गिनेस यांनाही या भूमिकेत चैन नव्हतं. मेहनत घेऊन त्यांनी गोडबोल्यांचं एक नृत्य बसवलं होतं, ते लीननी संकलनात काढून टाकलं. दोघांच्या दीर्घ मैत्रीत यावरून कायमचा कडवटपणा आला. मला त्यांची ही भूमिका फसलेली वाटते. त्यांच्या अभिनयाचा सारा भर निरीक्षणावर होता, आणि इथे निरीक्षणाला आवश्यक तो आयुष्यभराचा सहवास नव्हता.

'स्टार वॉर्स'चा त्यांना तिटकारा होता का?

कामाचा नाही, नंतरच्या वेडाचा होता. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्याबद्दल त्यांना आदर होता. चित्रीकरणाच्या काळात, रोज नवे टाकाऊ संवाद हातात पडतात अशी तक्रार त्यांनी एका पत्रात केली, हे खरं. मानधनासोबत त्यांनी कमाईत हिस्सा मागून घेतला होता, तो अखेर सव्वादोन टक्के ठरला. १९७७ च्या त्या पहिल्या चित्रपटाने त्यांना उरलेल्या आयुष्याची निश्चिंती दिली. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकनही मिळालं.

मग त्रास कसला? आयुष्यभराचं काम बाजूला पडून पत्रं फक्त ओबी-वानला येऊ लागली, याचा. सॅन फ्रान्सिस्कोत एका मुलाने त्यांना अभिमानाने सांगितलं की मी हा चित्रपट शंभरहून जास्त वेळा पाहिला आहे. यांनी विचारलं, माझ्यासाठी एक करशील, पुन्हा तो पाहणार नाहीस? मुलगा रडला, आई चिडली. हा किस्सा त्यांनीच लिहून ठेवला आहे. मुलाच्या वाट्याला जग मोठं यावं, एवढाच त्यांचा हेतू होता, असं मला ते वाचताना वाटतं.

जेम्स डीनच्या मृत्यूचं भाकीत त्यांनी केलं होतं का?

तसं त्यांनी १९७७ मध्ये मायकेल पार्किन्सन यांच्या टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगितलं. सप्टेंबर १९५५ मध्ये ते हॉलिवूडला आले होते. एका रेस्टॉरंटमध्ये जागा मिळेना, तेव्हा तिथला तरुण नट जेम्स डीनने आपल्या टेबलावर बोलावलं आणि आधी बाहेर नेऊन नवी कोरी पोर्श गाडी दाखवली. गिनेस यांच्या तोंडून निघालं, या गाडीत बसू नकोस, बसलास तर आठवड्याभरात मरशील. डीन हसला. ३० सप्टेंबरला त्याच गाडीच्या अपघातात तो गेला.

ते कॅथलिक का झाले?

दोन प्रसंग सांगितले जातात. 'फादर ब्राऊन' या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी ते फ्रान्समधल्या एका खेड्यात होते. संध्याकाळी पाद्र्याच्या झग्यातच मुक्कामाकडे परतत असताना एका अनोळखी लहान मुलाने खरा पाद्री समजून त्यांचा हात धरला आणि बडबड करत काही अंतर चालून निघून गेला. केवळ झग्यावर एवढा विश्वास टाकला जातो, याने ते हलले. दुसरा मॅथ्यूचा पोलिओ. त्या दिवसांत घरी जाताना ते एका कॅथलिक चर्चमध्ये थांबत. मुलगा बरा झाला आणि त्याला कॅथलिक व्हायचं असेल तर मी आड येणार नाही, असं त्यांनी देवाला सांगितलं होतं. मुलगा बरा झाला. १९५६ मध्ये अ‍ॅलेक स्वतः कॅथलिक झाले. पुढच्या वर्षी ते सिलोनमध्ये असताना मेरुलाही झाल्या. मॅथ्यू पुढे नट झाला.

पुरस्कार कोणते मिळाले?

'क्वाय'चं ऑस्कर आणि १९८० मध्ये मानद ऑस्कर. 'द हॉर्सेस माउथ'च्या पटकथेसाठीही नामांकन होतं, ती त्यांनी स्वतः लिहिली होती. १९६४ मध्ये 'डिलन' या नाटकासाठी टोनी हा अमेरिकी नाट्यपुरस्कार. 'सर' झाले १९५९ मध्ये.

सुरुवात कुठून करावी?

'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स', मग 'क्वाय', आणि त्यानंतर बीबीसीची १९७९ ची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' ही सात भागांची मालिका. शेवटची सर्वांत महत्त्वाची. जॉर्ज स्मायली हा निवृत्त हेर करण्यासाठी त्यांनी लेखक जॉन ल कारे यांना सांगून ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्यासोबत जेवण ठरवलं. जेवताना त्यांचं लक्ष ओल्डफील्ड यांच्या कफलिंक्स, छत्री आणि बुटांवर होतं. मालिकेत स्मायली बराच वेळ नुसता ऐकतो. समोरचा खोटं बोलत असतो, हा चष्मा पुसत असतो, आणि आपल्याला कळतं की याला सगळं समजलं आहे. १९८२ मध्ये 'स्मायलीज पीपल' आली, तीही बघावी.

कथानक गुंतागुंतीचं आहे आणि बोलणं हळू आवाजातलं, म्हणून सबटायटल्स लावून पाहा. एका बैठकीत सातही भाग पाहायची घाई नको. पहिला भाग दोनदा पाहिलात तर पुढचं सोपं जाईल.